आंब्याच्या वहीतून डेटाबेस: कोकणात राहून प्रोग्रॅमिंग आणि डीबीएमएस पक्कं कसं करावं

रत्नागिरीकडे ज्या घरात चार कलमं आहेत त्या घरात एक वही असते. माझ्या काकांकडची लाल कापडी पाठीची आहे आणि तिच्या एका पानावर अशी ओळ आहे: ‘१४/४ पाटील सांगली – ५ ड. ३, ६ ड. २ – गाडीने – ५ हजार जमा, बाकी नंतर.’ पाच डझनी तीन पेट्या, सहा डझनी दोन, पैसे अर्धवट आलेले. काकांना यातलं सगळं कळतं. दुसऱ्या कोणाला कळत नाही.

मी एका कॉलेजात बीएससी आयटीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतो. ‘एम्प्लॉयी’ आणि ‘डिपार्टमेंट’ या दोन टेबलांवरच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, मुलं तोंडपाठ लिहितात. पण ‘तुमच्या घरच्या आंब्याच्या हिशेबाला किती टेबलं लागतील?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मुलं हुशार आहेत. डेटाबेस हा पेपर आहे आणि वही हे घरातलं काम आहे, इतकंच त्यांना आजवर सांगितलं गेलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस हे वेगवेगळे पेपर असले तरी अभ्यास एकत्र करा आणि तो घरच्या खऱ्या वहीवर करा. आंबा नसेल तर मासळीचा लिलाव घ्या, काजूची फॅक्टरी घ्या, आईच्या बचत गटाचं खातं घ्या. वही खरी हवी, कारण खऱ्या वहीत खाडाखोड असते आणि डेटाबेस शिकायचा तो त्या खाडाखोडीतूनच.

प्रवेशाआधी काय बघायचं

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठाचा एक उपपरिसर रत्नागिरीतच आहे. इंजिनीअरिंगची वाट घेणाऱ्यांसाठी लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. बीएससी आयटी, बीएससी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, काहीही घेतलंत तरी पहिल्या दोन-तीन वर्षांत एक-दोन भाषा, डेटा स्ट्रक्चर्स आणि डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी यंत्रणा) येतातच. बीसीएचं मात्र लक्षात ठेवा: २०२४-२५ पासून तो एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत गेला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. फॉर्मची तारीख बारावीच्या अभ्यासाच्या गडबडीत निघून जाते.

कोर्सच्या नावापेक्षा लॅबकडे जास्त लक्ष द्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे तुमचा निम्म्याहून अधिक वेळ मशीनसमोर जाऊ शकतो, पण मशीन चालू असेल तरच. कॉलेज बघायला जाल तेव्हा एका बॅचला किती मशीन येतात, तास संपल्यावर लॅब उघडी असते का आणि लाईट गेल्यावर बॅकअप किती वेळ टिकतो, ते विचारा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाचं जर्नलही मागून बघा. सगळ्यांच्या जर्नलात अक्षर न् अक्षर तेच आउटपुट असेल तर तिथे प्रॅक्टिकल होत नाही, उतरवलं जातं.

घरच्या लॅपटॉपवर पायथन टाका. त्याच्यासोबत एसक्यूलाइट आपोआप येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस सर्व्हरशिवाय चालतो, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो आणि दहा वर्षं जुन्या लॅपटॉपलाही तो जड होत नाही. वाडीत रेंज नसते, सड्यावर जावं लागतं, हे मला माहीत आहे. म्हणून कॉलेजच्या वायफायवरून पायथन आणि पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस) या दोन्हींचं अधिकृत डॉक्युमेंटेशन एकदाच उतरवून घ्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे काही धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजीची धास्ती असेल तर सुरुवात तिथून करा, पण सहा महिन्यांच्या आत इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचायला लागा.

भाषा: आधी कागद, मग कीबोर्ड

पहिल्या सत्राला सी असो की पायथन, पहिला महिनाभर प्रत्येक प्रोग्रॅम चालवण्याआधी कागदावर चालवा. वहीचं पान आडवं धरा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना द्या आणि ओळ पुढे सरकेल तशी किंमत खोडून नवी लिहा. लूप तीनदा फिरला की पुढचं स्वच्छ दिसायला लागतं. हे कंटाळवाणं आहे, पण पुढे पॉइंटर आणि रिकर्शन ज्यांना कळतात ती बहुतेक हा कागद न टाळलेली मुलं असतात.

उदाहरणं घरचीच घ्या. अढीतून २९ आंबे काढले तर किती डझन झाले? सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून २९ भागिले १२ म्हणजे २, आणि उरलेल्या ५ साठी मॉड्युलो चिन्ह (%). पायथनमध्ये साध्या भागाकाराचं उत्तर २.४१६ असं दशांशात येतं. पूर्ण डझन हवे असतील तर तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते. चिन्ह तेच आणि अर्थ वेगळा. भाषा शिकायची म्हणजे असे फरक हाताला कळायला हवेत.

दुसरं उदाहरण पैशांचं. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण मशीन दशांश संख्या द्विमान पद्धतीत ठेवतं आणि ०.१ तिथे नेमकी बसत नाही. एका बिलात हे दिसत नाही. बिलं वाढत गेली की असे बारीक फरक साचत जातात, आणि हिशेब न जुळणं म्हणजे काय हे दलालाची पट्टी तपासलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून रक्कम फ्लोट या साध्या दशांश प्रकारात कधीही ठेवू नका. पैसे पूर्णांकात ठेवा, म्हणजे १९,००० रुपये हे १९,००,००० पैसे. नाहीतर दशांश नेमका ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा.

तिसरं उदाहरण आपल्या लिपीचं, कारण पुस्तकात ते सहसा नसतं. ‘हापूस’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथनला लांबी विचारलीत तर ५ सांगतो, कारण काना आणि उकार हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवताना प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. सी मध्ये दहा बाइटांचा कॅरॅक्टर अ‍ॅरे ठेवून त्यात ‘हापूस’ भरलात तर तो मेमरीत शेजारच्या जागेवर सांडतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीवर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, कारण तिथला मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ असायचा. आवृत्ती ८.० पासून तो यूटीएफ-८ एमबी-४ झाला. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर टेबल बनवतानाच हा सेट स्पष्ट लिहा.

वहीची टेबलं करताना

आता या कामाचा गाभा. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. त्यामागची तळमळ साधी होती: माहिती आत कुठे आणि कशी ठेवली आहे हे ठाऊक नसतानाही माणसाला ती मागता यावी. काकांच्या वहीत नेमकं हेच जमत नाही. पाटलांची बाकी कोणत्या पानावर आहे हे काकांना आठवलं तरच ती सापडते.

मशीन बंद ठेवा. वहीची वीस पानं घ्या आणि सांगलीच्या पाटलांचं नाव किती प्रकारे लिहिलंय ते शोधा. आमच्या वहीत तीन प्रकार सापडले: ‘पाटील सांगली’, ‘सांगलीवाले’ आणि नुसतं ‘पाटीलसाहेब’. माणूस एक, नावं तीन. म्हणून गिऱ्हाइकाचं वेगळं टेबल, प्रत्येकाला एक क्रमांक आणि बाकी सगळीकडे तो क्रमांकच. गिऱ्हाइकाच्या टेबलातला तो क्रमांक म्हणजे प्रायमरी की, आणि दुसऱ्या टेबलात लिहिलेला तोच क्रमांक म्हणजे फॉरेन की.

आता ती ओळ परत वाचा. ‘५ ड. ३, ६ ड. २’ हे एकाच जागी कोंबलंय. असंच एका रकान्यात ठेवलंत तर ‘यंदा सहा डझनी किती पेट्या गेल्या?’ याचं उत्तर सरळ मिळणार नाही. ओळीच्या एका रकान्यात एकच नोंद, हा फर्स्ट नॉर्मल फॉर्म. म्हणून बिल वेगळं आणि बिलातल्या ओळी वेगळ्या. ओळींच्या टेबलाची की म्हणजे बिल क्रमांक आणि पेटीचा प्रकार यांची जोडी.

या ओळींच्या टेबलात गिऱ्हाइकाचं नावही घालायचा मोह होतो. पण नाव ठरतं ते फक्त बिल क्रमांकावरून, पेटीच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. कीच्या अर्ध्या भागावर टेकलेलं असं काही आढळलं की ते उचलून बिलाच्या टेबलात न्या. हा सेकंड नॉर्मल फॉर्म. आणि गिऱ्हाइकाच्या टेबलात पिनकोड, तालुका, जिल्हा असे तिन्ही रकाने असतील तर जिल्हा हा गिऱ्हाइकावर नाही, तालुक्यावर अवलंबून आहे. ते वेगळं काढलं की थर्ड. परीक्षेत व्याख्या लिहाच, पण व्याख्येखाली आपल्या वहीतलं हे उदाहरण द्या. तपासणाऱ्याला समजलेला माणूस लगेच ओळखू येतो.

इथे एक चूक हुशार मुलंही करतात. नॉर्मलायझेशनच्या उत्साहात ती पेटीचा दर ‘पेटीचे प्रकार’ या टेबलात एकदाच ठेवतात आणि ओळींतून काढून टाकतात. पण आंब्याचा दर मार्चअखेर एक असतो आणि मे उजाडला की दुसरा. मे महिन्यात दर बदललात की एप्रिलची सगळी जुनी बिलं नव्या दराने दिसायला लागतात. आजचा दर आणि त्या दिवशी घेतलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून विक्रीचा दर बिलाच्या ओळीतच राहायला हवा. वरवर एकसारखं दिसणारं सगळंच पुनरुक्ती नसतं. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी डेटाबेस कळायला लागला असं मी मानतो.

शेवटी जमा पैशांचं टेबल: तारीख, बिल क्रमांक, रक्कम. एका बिलाचे पैसे तीन हप्त्यांत येऊ शकतात, म्हणून हेही वेगळं. गिऱ्हाईक, बिल, बिलाच्या ओळी, पेटीचे प्रकार, जमा, अशी पाच टेबलं झाली. तालुके वेगळे काढलेत तर सहा. ती कागदावर चौकोनात काढा, रेघांनी जोडा आणि रेघेच्या टोकाला ‘एक’ की ‘अनेक’ ते लिहा. झाली तुमची ईआर आकृती, म्हणजे कोणती गोष्ट कशाशी जोडलीय त्याचा नकाशा. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत पाठ करण्यापेक्षा अशी एकदा काढून बघावी. तो कागद काकांना दाखवा. ‘आणि परत आलेल्या पेटीचं काय?’ असं काहीतरी ते नक्की विचारतील, आणि तो प्रश्न तुमच्या मॉडेलमधली खरी उणीव असेल.

एसक्यूलाइटमध्ये टेबलं करताना दोन गोष्टी सांभाळा. फॉरेन कीची तपासणी तिथे मुळात बंद असते. प्रत्येक वेळी डेटाबेस उघडला की ‘प्राग्मा’ ही आज्ञा वापरून ती चालू करावी लागते, नाहीतर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाने बिल निघतं आणि कोणी अडवत नाही. दुसरं, संख्येच्या रकान्यात शब्द लिहिलात तर तेही ते ठेवून घेतं. टेबल ‘स्ट्रिक्ट’ म्हणून बनवा.

जॉइन: फुगलेली बाकी

सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय हे आठवड्यात हाताला येतं, त्यावर अडकू नका. वेळ द्या तो जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) आणि ग्रुप बायला (गटवार बेरीज).

पाटलांचं बिल घेऊ. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. पाच डझनी ३ पेट्या, दर ४,००० म्हणजे १२,०००. सहा डझनी २ पेट्या, दर ३,५०० म्हणजे ७,०००. एकूण १९,०००. जमा तीनदा: ५,०००, ५,००० आणि ४,०००, म्हणजे १४,०००. बाकी ५,०००.

मुलं बिलाला ओळींचं टेबल जोडतात, त्यालाच जमांचं टेबल जोडतात आणि दोन्ही बेरजा घेतात. उत्तर येतं: बिल ५७,०००, जमा २८,०००, बाकी २९,०००. क्वेरीत एकही एरर नाही. झालं असं की दोन ओळी आणि तीन जमा यांची प्रत्येकाशी प्रत्येक अशी जोडी लागली आणि सहा ओळी तयार झाल्या. ओळींची बेरीज तिप्पट झाली आणि जमांची दुप्पट. बेरजा काढून टाकून नुसत्या त्या सहा ओळी स्क्रीनवर काढा आणि बोट ठेवून मोजा. एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मभर लक्षात राहतं. उपाय असा: ओळींची बेरीज बिलागणिक आधी वेगळी करा, जमांची वेगळी करा आणि मग एकेका ओळीला एकेक ओळ जोडा.

तिथे लेफ्ट जॉइनच लावा, त्यात पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ टिकते. साधा जॉइन लावलात तर ज्याने एक पैसाही दिला नाही तो गिऱ्हाईक बाकीच्या यादीतूनच गळतो, कारण जमांत त्याची ओळच नसते. यादी हवी होती ती नेमकी त्याच्यासाठी. लेफ्ट जॉइनमध्ये तो येतो, पण त्याच्या जमेच्या जागी नल येतो, आणि १९,००० वजा नल म्हणजेही नलच. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. म्हणून ‘कोअलेस’ लावून तिथे शून्य घ्या. आणि नल शोधायचा असेल तर बरोबरचं चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं.

प्रोग्रॅम आणि डेटाबेस जोडताना

इथे दोन पेपर एकत्र येतात. पायथनमधून क्वेरी पाठवताना मुलं नाव आणि क्वेरी अधिकच्या चिन्हाने चिकटवतात. पाटलांपर्यंत चालतं. मग वसईचे किंवा सावंतवाडीचे डिसोझा येतात, ज्यांच्या इंग्रजी नावात ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी असते. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, मजकूर याच चिन्हांच्या आत लिहितात. त्यामुळे तिला वाटतं मजकूर तिथेच संपला, आणि क्वेरी मोडते. ही नुसती गैरसोय नाही. जे डिसोझांच्या नावाने चुकून झालं तेच कोणी मुद्दाम केलं तर टेबल पुसता येतं किंवा सगळा हिशेब वाचता येतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. क्वेरीत नाव किंवा आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते नाव, ते आकडे वेगळे पाठवा. पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, नंतर सुधारू म्हटलं की होत नाही.

दुसरी गोष्ट ट्रान्झॅक्शनची. बिल लिहिलं, दोनपैकी एक ओळ लिहिली आणि लाईट गेली. आपल्याकडे पावसाळ्यात हे रोजचं आहे. आता अर्धं बिल राहायचं की नाही? सगळं काम ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ यांच्यामध्ये असेल तर डेटाबेस पुन्हा उघडताना अर्धवट काम मागे घेतो. एकतर पूर्ण बिल, नाहीतर काहीच नाही. ट्रान्झॅक्शनच्या चार हमी सांगणाऱ्या एसीआयडी या चार अक्षरांतलं पहिलं, अ‍ॅटॉमिसिटी, ते हे. करून बघा: दोन ओळींच्या मध्ये प्रोग्रॅमला दहा सेकंद थांबवा, तेवढ्यात खिडकी बंद करा, परत उघडून मोजा.

माझ्या हातून एकदा ‘अपडेट’ला ‘व्हेअर’ लावायचं राहिलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांचा फोन नंबर एकच झाला. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मधल्या दिवसांत आलेली नवी गिऱ्हाइकं वहीतून एकेक शोधून भरली. तेव्हापासून मी आधी त्याच ‘व्हेअर’ने सिलेक्ट करतो, ओळी मोजतो, मग बिगिन, अपडेट, किती ओळी बदलल्या ते बघणं आणि त्यानंतरच कमिट. तुम्हीही असंच करा. फाइलची प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांच्या घरावरून गेलंय त्यांना एकाच छपराखाली सगळं का ठेवू नये हे सांगायला नको.

जर्नल आणि व्हायवा

एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, मुलं गडबडतात ती बहुधा ‘का’ या प्रश्नाला. हे टेबल वेगळं का? इथे लेफ्ट जॉइन का? म्हणून जर्नलात प्रत्येक प्रॅक्टिकलखाली दोन ओळी स्वतःच्या लिहा: काय चुकलं आणि कशाने सुटलं. विद्यापीठाने ठरवलेली टेबलं लिहावीच लागतात, ती लिहा, पण तीच क्वेरी आपल्या वहीवरही चालवून तिचं आउटपुट मागे जोडा. मराठीत विचार करून इंग्रजीत उत्तर देताना अडखळलात तर बिनधास्त कागद मागा आणि आकृती काढून दाखवा. केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर मागच्या वर्षीचं पाठांतर परत उगाळू नका, या पाच टेबलांपासून सुरुवात करा.

पहिली पेटी निघण्याआधी

कामाची आखणी हंगामाला जुळवा. पावसाळ्यात भाषा, कारण घरात बसूनच राहावं लागतं. गणपतीला मुंबईची माणसं येतात तेव्हा वहीवर चर्चा आणि कागदावरची टेबलं. दिवाळीपर्यंत टेबलं आणि जॉइन. झाडं मोहरावर असतील तोवर पायथनची बाजू. फेब्रुवारीत जुन्या वर्षाची पूर्ण वही भरून घ्या. हे काम जिवावर येतं, पण खऱ्या शे-दोनशे बिलांशिवाय तुमच्या चुका वर येणार नाहीत.

मग पहिली पेटी निघेल त्या संध्याकाळपासून आठ दिवस नोंद दोन्हीकडे करा, काकांची वहीत आणि तुमची मशीनवर. रोज रात्री फक्त दोन आकडे जुळवा: गेलेल्या पेट्या आणि एकूण बाकी. जुळले नाहीत तर आधी आपली क्वेरी तपासा, मग आपली नोंद, आणि वही सगळ्यात शेवटी.